मास्तरांच्या पिस्तुलाला पोलादी अंगरखा

व्हर्लिन स्टकी मास्तर प्लास्टिकचं पिस्तूल विकत घ्यायला निघाले, ते डोळ्यांवर काळा चष्मा आणि डोक्यावर बायकोची बागकामाची टोपी घालून. टोपीला निळी रिबीन होती, पण तिकडे लक्ष द्यायच्या मनःस्थितीत ते नव्हते. खरं तर पिस्तुलांचं दुकान गावातच आहे, त्यांच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. पण त्या दुकानात सकाळी सातपासून कॉफीची किटली चालू असते आणि तिच्याभोवती नेमबाजी क्लबातली चार-पाच मंडळी ठाण मांडून बसलेली असतात. मास्तरांनी तिथे साधी तेलाची बाटली घेतली, तरी ती कुठल्या पिस्तुलासाठी आणि किती थेंब, याची चर्चा दुपारपर्यंत चर्चच्या पायरीवर पोचलेली असते. म्हणून मास्तर चाळीस मैलांवरच्या शेजारच्या कौंटीत, म्हणजे पलीकडच्या जिल्ह्यात, निघाले होते, तेही महामार्ग सोडून, मक्याच्या शेतांमधल्या खडीच्या रस्त्याने.

आता यात एवढं लपवण्यासारखं काय, असं कुणी म्हणेल. म्हणणारा आमच्या इंडियानातल्या मिलर्स फोर्डचा नसणार. आमच्या गावात रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट एका बाकावर बसून आइस्क्रीम खातात, मेथडिस्टांच्या मुली कॅथलिकांच्या घरी सुखाने नांदतात, पण पोलादवाले आणि प्लास्टिकवाले यांचं सूत कधी जुळलं नाही. दर सप्टेंबरात क्लबाच्या मैदानावर त्यांचा सामना होतो. बोलिंगच्या जुन्या लाकडी पिना टेबलावर मांडायच्या आणि गोळ्या मारून खाली पाडायच्या; एका बाजूला सगळी पोलादी पिस्तुलं, दुसऱ्या बाजूला सगळी प्लास्टिकच्या अंगाची, म्हणजे नळी तेवढी धातूची आणि मुठीपासून बाकी सगळं प्लास्टिकचं. ॲल्युमिनियमचं पिस्तूल बाळगणारा गावात एकच गृहस्थ होता. त्याला दोन्ही बाजूंनी हाकलून दिल्यामुळे तो पंच झाला.

पोलादवाल्यांचे कप्तान एकोणीस वर्षं व्हर्लिनमास्तरच होते. असणारच. हायस्कुलात एकतीस वर्षं त्यांनी धातुकाम शिकवलं. निम्म्या गावाच्या बोटांवर त्यांच्या वर्गातल्या कानशीचा एखादा तरी ओरखडा आहे आणि लोक तो अभिमानाने दाखवतात. "पोलाद म्हणजे पोलाद!" मास्तर दरवर्षी सामन्याआधी भाषण करत. "प्लास्टिकची बादली असते, प्लास्टिकचा कंगवा असतो. प्लास्टिकचं पिस्तूल नसतं!" मग पोलादवाले टाळ्या वाजवत आणि प्लास्टिकवाले "बसा खाली" म्हणत.

प्लास्टिकवाल्यांचा म्होरक्या म्हणजे लोवेल टीग. हा मास्तरांचा शेजारी. घरांच्या भिंतींवर बाहेरून व्हिनाइलच्या पट्ट्या बसवून देण्याचा त्याचा धंदा, म्हणजे प्लास्टिक त्याच्या रक्तातच. शिवाय गावच्या स्वयंसेवक अग्निशमन दलाचा तो उपप्रमुख. दोन्ही घरांच्या मधल्या कुंपणावर कोपर टेकून उभं राहायचं आणि मास्तर दिसले की सुरू करायचं, हा त्याचा रोजचा परिपाठ.

"काय व्हर्लिन, अजून तो नांगर घेऊन फिरतोस का?"

"नांगर नाही, पिस्तूल आहे ते. तुझ्याकडे आहे ते खेळणं."

"खेळणं नाही रे, पॉलिमर म्हण. हलकं असतं. एकदा हातात घेऊन तर बघ."

"बघितलंय. माझी बायको त्यात उरलेलं सूप ठेवते."

असं हे रोज चालायचं. आणि अशा या मास्तरांचा उजवा हात फेब्रुवारीपासून दुखत होता.

अंगठ्याच्या मुळाशी कळ यायची आणि थेट कोपरापर्यंत जायची. डॉक्टर म्हणाले, "वय झालं, सांधे झिजले. वजन कमी करा." मास्तरांनी दोन आठवडे बटाटे सोडले. मग पुन्हा गेल्यावर खुलासा झाला, की पोटाचं नव्हे, हातात धरता त्याचं वजन. पिस्तूल अडीच पौंडांचं. तळघरात मास्तर ते रिकामं धरून भिंतीवरच्या खिळ्यावर नेम लावत, आणि दहा आकडे मोजेपर्यंत नळी खाली खाली जाऊन बुटांकडे बघू लागे. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही, अगदी बायकोला, आर्डिथलाही नाही. कारण सांगितलं की संपलं. कप्तानपद त्यांचाच विद्यार्थी रँडल याच्याकडे जाणार, आणि मास्तरांची रवानगी मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्च्यांवर बसून लिंबूपाणी पिणाऱ्या म्हाताऱ्यांत होणार. त्या खुर्च्या दिसल्या की मास्तर वाट बदलून जायचे. तेव्हा त्यांनी ठरवलं, की पिस्तूल हलकं घ्यायचं, पण दिसायला पोलादी करायचं. धातुकामाचे मास्तर आपण. एवढं नाही जमणार?

शेजारच्या कौंटीतल्या दुकानात काउंटरमागे बर्निस नावाची सत्तरीची बाई पायमोजा विणत बसली होती.

"ते मधलं जरा दाखवता?" मास्तर खालच्या आवाजात म्हणाले. "माझ्यासाठी नाही. एका मित्रासाठी बघतोय."

बर्निसने सुया खाली ठेवल्या. चष्मा वर केला. "काय म्हणालात?"

आता, अमेरिकेत तुम्ही कुठल्याही दुकानात जाऊन लाज राखण्यासाठी "मित्रासाठी हवंय" म्हणू शकता. केस काळे करायचा रंग घ्या, बद्धकोष्ठाचं औषध घ्या, कुणी हरकत घेत नाही. पिस्तुलांचं दुकान हे एकच ठिकाण असं, की तिथे ते वाक्य बोलणं म्हणजे दुसऱ्याच्या वतीने छुपी खरेदी, आणि ती खरेदी म्हणजे तुरुंग. हे मास्तरांना चांगलं माहीत होतं. क्लबात नवीन सभासदांना हे ते स्वतःच समजावून सांगत. पण माणूस लाजला की आधी अक्कल जाते.

"म्हणजे... माझ्यासाठीच," मास्तर घाईघाईने म्हणाले.

"नक्की? मोठ्याने सांगा. या गिऱ्हाइकांनाही ऐकू दे, साक्षीला."

"माझ्यासाठी!"

"काय तुमच्यासाठी?"

"हे प्लास्टिकचं पिस्तूल माझ्यासाठीच आहे!" मास्तर ओरडले. दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून त्यांच्याकडे आणि मग निळ्या रिबिनीकडे बघू लागली.

मग सरकारी फॉर्म आला. त्यातही हेच, की पिस्तूल स्वतःसाठीच घेतोय ना? मास्तरांनी होयवर खूण केली. बर्निसने गुन्ह्यांच्या सरकारी तपासणीसाठी नाव फोनवरून वर कळवलं आणि थोड्या वेळाने मान हलवली. "अडकलंय. तुमच्याच नावाचा आणखी एक व्हर्लिन स्टकी आहे. ओहायोत डुकरांनी भरलेला ट्रक पळवलाय त्याने."

"अहो, मी निवृत्त शिक्षक आहे!"

"तो पण असेल. मला काय माहीत? चौकशीला तीन-चार दिवस लागतील. झालं की घरी फोन करते."

"फोन करू नका! मीच येतो."

"फोन करायचा, असा दुकानाचा नियम आहे," बर्निस म्हणाली आणि पायमोजा पुन्हा हातात घेतला. स्टकी घराण्यात पोरांची नावं ठेवताना कल्पनाशक्ती फारशी खर्च करत नाहीत. त्यामुळे इंडियाना आणि ओहायो मिळून किती व्हर्लिन असतील, हा विचार करतच मास्तर घरी आले.

चौथ्या दिवशी मास्तर केस कापायला गेले असताना फोन आलाच. परत आले तर आर्डिथ स्वयंपाकघराच्या दारात उभी.

"व्हर्लिन, कुणी बर्निस नावाच्या बाईचा फोन होता. तुझं प्लास्टिक तयार आहे म्हणे. कसलं प्लास्टिक? आणि ही बर्निस कोण?"

यातला दुसरा प्रश्न जास्त धोक्याचा आहे, हे मास्तरांनी चाळीस वर्षांच्या संसाराच्या अनुभवाने ओळखलं आणि पहिल्याला उत्तर दिलं. "पन्हळ. छपराची पन्हळ बदलतोय. प्लास्टिकची."

"आपली पत्र्याची पन्हळ तर धडधाकट आहे. तूच तर केलीस."

"गंजलीय."

"कुठे?"

"आतून."

झालं. एकदा पन्हळ म्हटल्यावर पन्हळ आणणं आलं. मास्तरांनी पिस्तूल तर आणलंच, वर बत्तीस फूट प्लास्टिकची पन्हळ गाडीच्या टपावर बांधून आणली. आणि दुसऱ्या दिवशी शिडीवर चढून स्वतःच्या हातांनी वळवलेली, स्वतः डाख दिलेली, एका थेंबालाही न गळणारी पत्र्याची पन्हळ स्वतःच उतरवली. पोटच्या पोराला बोर्डिंगात धाडताना बापाचं होतं, तसं त्यांचं झालं. आणि नेमका त्याच वेळी कुंपणाशी लोवेल हजर.

"देवा रे देवा! हे मी काय बघतोय? व्हर्लिन स्टकीच्या छपराला प्लास्टिक!"

"ते... पावसाचं पाणी आहे. त्याला काय कळतंय?"

"उतर खाली. उतर म्हणतो ना! तुला प्लास्टिकचे स्क्रू कसे पिळायचे ते कळणार नाही, फोडून ठेवशील. आण इकडे." लोवेलने मास्तरांच्या हातातून स्क्रूड्रायव्हर काढूनच घेतला आणि स्वतः वर चढला. सगळी पन्हळ त्याने लावली. मास्तर खाली शिडी धरून उभे राहिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीने त्यांना हॉर्न वाजवून दाद दिली. संध्याकाळी कॉफीच्या किटलीभोवती दुसरा विषय नव्हता. रँडल तर घरी येऊन विचारून गेला, "सर, सगळं ठीक आहे ना? काही टेन्शन?"

पण खरं सांगायचं तर या सगळ्या मानहानीचं एका दुपारी सार्थक झालं. मास्तर नवं पिस्तूल घेऊन चुलतभावाच्या ओसाड खडीच्या खाणीत गेले. हात वर केला, आणि तो वरच राहिला. दहा आकडे झाले, वीस झाले, नळी हलेना. झाडली तेव्हा जरा जास्त उसळलं, पण समोरचा डबा उडाला. दुसरा उडाला. तिसरा उडाला. आजूबाजूला कुणी नाही हे बघून मास्तर चक्क नाचले. मग एकदम त्यांना आपल्या अडीच पौंडी पोलादी पिस्तुलाची आठवण झाली आणि घरी येताच त्यांनी आधी त्याला तेलपाणी केलं.

गुरुवारी क्लबाची बैठक झाली. सामना शनिवारी. ॲल्युमिनियमवाल्या पंचाने नेहमीप्रमाणे नियम वाचून दाखवले. "नियम चौथा. पोलादी बाजूच्या प्रत्येक पिस्तुलाच्या अंगाला, नळीला नव्हे, पंच लोहचुंबक लावून बघतील. चुंबक चिकटला नाही तर खेळाडू बाद. सूचक, व्ही. स्टकी."

मास्तरांच्या हातातला केक थबकला. तीन वर्षांपूर्वी हा नियम त्यांनीच आणला होता, कुणीतरी प्लास्टिकवाला आपल्यात घुसखोरी करेल म्हणून. तेव्हा मोठे दूरदर्शी वगैरे म्हणून कौतुकही झालं होतं. त्यांचा बेत नुसता चंदेरी रंग फासायचा होता. पण रंगाला चुंबक चिकटत नाही. हे तर ते नववीच्या पोरांना शिकवत.

शुक्रवारी पहाटेच मास्तर तळघरात उतरले. पातळ पोलादी पत्रा कापला, ठोकला, वळवला, कानस मारली आणि पिस्तुलाच्या मुठीला, दांड्याला, जिथे जिथे प्लास्टिक दिसत होतं तिथे तिथे मापाचा अंगरखा शिवला. हात ठणकत होता, दोनदा डोळ्यांत पाणी आलं, पण काम असं उतरलं की काय सांगावं! सांधा कुठे आहे ते नखालाही लागेना. दोन नळ्या एकत्र करून लावायचा जालीम गोंद असतो, तो लावून पत्रे पक्के बसवले, चुंबक लावून बघितला. टक्कन चिकटला. "वा, मास्तर!" असं मास्तर स्वतःलाच म्हणाले.

मग सहज म्हणून, केवळ सहज म्हणून, त्यांनी ते आर्डिथच्या पीठ मोजायच्या काट्यावर ठेवलं. दोन पौंड नऊ औंस.

शेजारी जुनं पोलादी ठेवलं. दोन पौंड सात औंस.

मास्तरांनी काटा उचलून हलवला. पुसला. दुसऱ्या टेबलावर ठेवून बघितलं. जगातलं सगळ्यात जड हलकं पिस्तूल त्यांच्यासमोर चमकत पडलं होतं. कुठल्याही शहाण्या माणसाने इथे हात टेकले असते. पण गोंद लागलेला, सामना उद्यावर आलेला, आणि कारागिरी अशी देखणी! वजन दोन औंस जास्तच भरलं तरी ते मुळात प्लास्टिकचं वजन आहे, तेव्हा हाताला वेगळं लागेल, अशी मास्तरांनी स्वतःची समजूत घातली. ती त्यांना पटलीसुद्धा.

राहता राहिला गोंद. नळीवर लिहिलं होतं की पक्का व्हायला बहात्तर तास; उबेत ठेवल्यास लवकर. आर्डिथ ब्रेडचं पीठ फुगवायला ओव्हनमध्ये ठेवते, ओव्हन बंद, फक्त आतला दिवा चालू. त्या दिव्याची ऊब अगदी बेताची असते. तेव्हा मास्तरांनी रिकामं पिस्तूल, म्हणजे अगदी तीनतीनदा तपासून रिकामं (गोळ्या तळघरात कुलपात, या बाबतीत मास्तर काटेकोर), चांदीच्या कागदात गुंडाळून ओव्हनच्या वरच्या खणात मागे सारलं, दिवा लावला आणि अवजारं आवरायला ते खाली गेले.

आर्डिथ केशभूषा करून घरी आली. उद्याच्या जेवणासाठी तिला ओव्हनमध्ये भाजायचा हॅम-बटाट्याचा मोठा कॅसरोल करायचा होता. ओव्हनचा दिवा उगाच जळताना दिसला. "या माणसाला दिवे बंद करायला कधी सुचणार!" असं म्हणून तिने तो मालवला, आणि भाजण्याआधी ओव्हन लख्ख असावा म्हणून स्वच्छतेचं बटण दाबून मागच्या अंगणात कांद्याची पात आणायला गेली. आमच्याकडचे ओव्हन स्वतःच स्वतःला साफ करतात. आतली उष्णता नऊशे अंश फॅरनहाइटपर्यंत नेतात, आतलं सगळं जाळून राख करतात आणि तेवढा वेळ कुणी मध्ये येऊ नये म्हणून दाराला आपोआप कुलूप घालतात.

मास्तर वर आले ते वासाने. ओव्हनच्या काचेतून बघतात तर चांदीच्या गाठोड्याने मान टाकलेली.

"नाही! नाही, नाही, नाही!" मास्तरांनी बटण दाबून ओव्हन बंद केला. दार उघडेना. हिसकलं. उघडेना. आत धूर कोंडायला लागला. उलथनं घातलं, उलथनं वाकलं. शेवटी ओव्हनवर चिकटवलेल्या मदतीच्या नंबरावर फोन लावला.

"नमस्कार, आपला दिवस छान जावो," पलीकडची मुलगी म्हणाली. "ओव्हनचा मॉडेल नंबर सांगता?"

"तो कुठे असतो?"

"दाराच्या आतल्या बाजूला लिहिलेला असतो, सर. दार उघडलंत की लगेच दिसेल."

मास्तर यावर काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेवढ्यात छतावरचा धुराचा भोंगा कोकलायला लागला, आर्डिथ कांद्याची पात तशीच धरून धावत आली, तिने एक नजर टाकली आणि अग्निशमन दलाला फोन केला. मास्तर "नको, नको!" म्हणेपर्यंत गावात सायरन वाजलासुद्धा.

आता विचार करा. मिलर्स फोर्डचं अग्निशमन दल म्हणजे कोण? तर नेमबाजी क्लबच, फक्त डोक्यावर हेल्मेट. चार मिनिटांत मास्तरांच्या स्वयंपाकघरात सहा माणसं बूट वाजवत घुसली, तीन पोलादवाले, तीन प्लास्टिकवाले, आणि सगळ्यांत पुढे लोवेल. रँडलच्या खांद्यावर पाण्याची नळी.

"मागे व्हा! मेन स्विच बंद करा!" लोवेल कडाडला. पहारीसारखं काहीतरी घालून त्याने दाराचं कुलूप तोडलं, धुराचा लोट बाहेर आला, दोन फवारे मारले आणि संपलं. मग त्याने चिमट्याने ते गाठोडं ओढलं. कागद गळून पडला.

नळी होती तशी सरळ होती. पोलादी अंगरखाही ताठ उभा होता. पण आतलं प्लास्टिक अंगरख्याच्या बाह्यांतून, गळ्यातून खाली ओघळून काळ्या काकवीसारखं लोंबत होतं. मास्तरांना आता वाटलं, की ओव्हनचं दार पुन्हा उघडून आपणच आत बसावं.

लोवेलने त्या वस्तूकडे बघितलं, मग मास्तरांकडे बघितलं, आणि मागचे लोक पुढे सरकायच्या आत ओलं फडकं त्याच्यावर टाकलं. "काही नाही रे! करपलंय काहीतरी," तो म्हणाला. त्याने अहवालाचा फॉर्म काढला आणि मोठ्याने वाचत लिहायला घेतला. "आगीचं कारण... ओव्हनमध्ये साठलेलं जुनं तूप आणि अन्नाचे थर."

"काय?" आर्डिथ म्हणाली.

"आर्डिथ, असू दे. नेहमीचंच कारण आहे. होतं असं."

"माझ्या ओव्हनमध्ये? अन्नाचे थर?" तिचा आवाज चढला आणि मग एकदम फाटला. कारण आमच्या साप्ताहिकात दर गुरुवारी अग्निशमन दलाचे सगळे अहवाल छापून येतात, पत्त्यासकट आणि कारणासकट, आणि लोक तेच पान आधी वाचतात. "अरे, मी कौंटीच्या जत्रेत गोड 'पाय' भाजायच्या स्पर्धेची परीक्षक आहे! बायका काय म्हणतील? ही आम्हाला गुण देते आणि हिच्या घरी थर! लोवेल, मी ओव्हन साफच करत होते रे!" आणि तिच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळायला लागलं. कांद्याची पात तिने अजून छातीशी धरलेली होती.

मास्तरांनी लोवेलकडे बघितलं. लोवेल डोळ्यांनी खुणावत होता, गप्प बस. गप्प बसले असते तर सुटले असते. फडक्याखाली काय होतं ते कुणालाच कळलं नसतं. उद्या जुनं पिस्तूल घेऊन कसंबसं उभं राहता आलं असतं. मास्तरांनी आर्डिथकडे बघितलं. मग पुढे होऊन फडकं उचललं.

"थर नाहीत," ते म्हणाले. "पिस्तूल आहे. माझं. आतून प्लास्टिकचं आहे, मी विकत घेतलंय, आणि वरून पत्रा मढवून तुम्हाला फसवणार होतो. माझा हात गेला. जुनं पिस्तूल मला दहा आकडेसुद्धा धरवत नाही. उद्यापासून तुमचा कप्तान मी नाही."

मास्तर मान खाली घालून उभे राहिले. एकोणीस वर्षांची इज्जत, एका मिनिटात.

मग रँडल पुढे वाकला. "सर," तो हळूच म्हणाला, "हा पत्रा बघितलात? एवढ्या आगीत वाकडा झाला नाही. पोलाद ते पोलाद!"

"कपाळ पोलाद!" एक प्लास्टिकवाला उसळला. "पत्र्याने आच धरून ठेवली, म्हणून तर आतलं वितळलं. नुसतं पॉलिमर असतं तर टिकलं असतं!"

"टिकलं असतं? बघ की, काकवी झालीय!"

"तुझ्या पिस्तुलाची लाकडी मूठ ठेव आत, कोळसा होईल!"

आणि तेवढ्याशा त्या स्वयंपाकघरात हेल्मेटं घातलेली पाच माणसं एकमेकांच्या अंगावर ओरडायला लागली. कप्तानपदाचं, फसवणुकीचं, हाताचं कुणाला काहीच पडलेलं नव्हतं. सात महिने ज्या क्षणाच्या भीतीने मास्तर झुरत होते, तो येऊन गेला आणि कुणी विचारलंसुद्धा नाही. मास्तरांना थोडा रागच आला.

विचारलं ते आर्डिथने. तिने त्यांचा उजवा हात आपल्या हातात घेतला. "कधीपासून दुखतोय?"

"फेब्रुवारी."

"फेब्रुवारी!" ती त्यांच्याकडे बघतच राहिली. "म्हणजे लोणच्याची बरणी पुढे केली की 'नंतर बघू' म्हणून तळघरात पळायचास, ते यासाठी? आणि मला वाटलं, या माणसाला आता माझं एवढंही काम जड झालं. रागावले होते रे मी तुझ्यावर. मनातल्या मनात किती बोलले! सगळ्या बरण्या लोवेलकडून उघडून आणत होते."

मास्तर गर्रकन वळले. लोवेलचे कान लाल झाले होते. तो फॉर्मकडे बघत होता, पण लिहीत काहीच नव्हता.

"लोवेल, तुला माहीत होतं?"

"मी काय आंधळा आहे?" लोवेल पुटपुटला. "बायको बरण्या माझ्याकडे आणते. तू क्लबात कॉफीचा मग दोन्ही हातांनी धरतोस. शिडीवर तुझा स्क्रूड्रायव्हर थरथरत होता."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो नाही? अरे, हलकं घे, हलकं घे म्हणून उन्हाळाभर त्या कुंपणाशी घसा फोडला! आणि तू मला काय म्हणालास? बायको त्यात सूप ठेवते!"

मास्तरांचे डोळे भरून आले, आणि धूर केव्हाच निघून गेला होता, त्यामुळे त्याच्यावर ढकलायचीही सोय उरली नव्हती. त्यांनी लोवेलच्या त्या जाड कोटावर डावा हात ठेवला.

"लोवेल," ते म्हणाले, "तुझ्याकडे ते दुसरं आहे ना, पॉलिमरचं? उद्या सकाळी जरा देशील?"

"देतो. पण ओव्हनमध्ये घालणार नाही, असं लिहून द्यायचं."

"ते तुमचं तुम्ही नंतर बघा," आर्डिथ डोळे पुसत म्हणाली. "आधी तो फॉर्म नीट कर. ते थर खोड."

लोवेलने खोडलं. पेन तसंच धरून त्याने वर बघितलं. मागचं भांडण एकदम थांबलं. पाचही जण कान टवकारून पुढे सरकले, कारण जे लिहिलं जाणार ते सरकारदरबारी कायमचं नोंदलं जाणार होतं.

"मग कारण काय लिहू, आर्डिथ? पोलाद की प्लास्टिक?"

"नवरा लिही," आर्डिथ म्हणाली.

गुरुवारच्या अंकात ते तसंच छापून आलं.